मुलाणी बाईंचा पिक्चर

मुलाणी बाई चित्रकलेच्या शिक्षिका, पण आमच्या भागात त्यांचं नाव झालं ते एका पिक्चरमुळं. तो त्यांनी काढलेला नव्हता. कुणी काढला, कुठल्या देशात काढला, हेही त्यांना कधी नीट सांगता आलं नाही. सणसवाडीला कंपनीत कामाला असलेल्या त्यांच्या भाच्यानं एका पेनड्राइव्हवर कव्वाल्या, लग्नाचे फोटो आणि मोबाइलमधलं कायकाय भरून दिलं होतं, त्यात तो निघाला. कार्टूनचा पिक्चर, पण उड्या मारणारा, डोकी फोडणारा नव्हे. एकेक चित्र हातानं रंगवल्यासारखं, मऊ. भाषा मात्र अशी की एक शब्द कळायचा नाही, आणि खाली अक्षरंही उमटायची नाहीत. बाईंना चित्रं आवडली आणि त्यांनी ठरवलं, हा पोरांना दाखवायचा.

आमची शाळा मांडवगण फराट्याच्या अलीकडं, वाडीवर. मी मराठी शिकवायचे. बाई रोज दौंडहून एष्टीनं यायच्या. ठेंगण्या, सुती साडी, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, आणि बोटांना कायम कुठलातरी रंग. चहाचा कप हातात घेतला की कपाला निळं बोट लागायचं आणि शिपाई मामा कुरकुर करत तो वेगळा ठेवायचे. अखेर त्या कपाला बाईंचा कपच म्हणायला लागले.

वर्षातून काही शनिवारी सकाळची शाळा सुटली की चित्रकलेच्या वर्गाच्या खिडक्यांना खताची पोती उसवून शिवलेले पडदे लागायचे. शाळेचा प्रोजेक्टर, समोर पांढरी भिंत, खाली सतरंजीवर पोरं. बाई भिंतीच्या कडेला उभ्या राहायच्या आणि पिक्चर सुरू झाला की पिक्चरमधल्या सगळ्यांच्या वतीनं त्या बोलायच्या.

गोष्ट साधी होती. एका उंच टेकडीवर एक मुलगी राहते. तिला वाऱ्यानं वाढवलंय. भूक लागली की वारा फळं पाडतो, झोप आली की झोके देतो, कुठं जायचं म्हटलं की उचलून नेतो. एवढी मोठी झाली तरी तिचा पाय कधी जमिनीला लागलेला नाही. एकदा खालच्या गावाजवळ ओल्या मातीत पोरांची पावलं उमटलेली तिला दिसतात. ती हट्ट धरते, मलाही चालायचंय. मग ती टेकडी उतरते, पडते, गुडघे सोलून घेते, गावातल्या एका कुंभाराकडं कामाला लागते, माळ्यावरच्या खोलीत एकटी राहायला शिकते. वारा चोरून गावात येतो, दोरीवरची धुणी उडवतो, मडकी पाडतो, तिच्याकडून बोलणी खाऊन परत जातो. शेवटी ती एक दिवस स्वतःच्या पायांनी टेकडी चढून वाऱ्याला भेटायला येते. संपलं. राक्षस नाही, मारामारी नाही, गाणं एकच.

बाईंनी वाऱ्याला आई केलं होतं. आणि आई आमच्याकडचीच. मुलगी पहिलं पाऊल टाकायला निघाली की बाई पदर सावरून म्हणायच्या, "आगं म्होरं दगुड हाय. उचलू का जरा? जराशीच उचलते, कुणी बघत न्हाई." सतरंजीवर हशा फुटायचा, कारण वर्गातल्या प्रत्येकाच्या घरी असं कुणीतरी होतं.

दर वर्षी पिक्चर तोच, बोलणं मात्र नवं. ज्या वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूक लागली त्या वर्षी कुंभार दोन पार्ट्यांची मडकी वेगवेगळ्या फळीवर ठेवायचा. ज्या वर्षी कांदा पडला त्या वर्षी पिक्चरमधली बाजारातली म्हातारी कुणी काही विचारायच्या आतच "घेऊन जावा, न्हाईतर फेकायचाच हाय" म्हणायची. एकदा पाहिलेली पोरं दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा यायची ती बाई यंदा काय बोलतात ते ऐकायला. दहावी होऊन गेलेली पोरंसुद्धा मागं येऊन उभी राहायची. बाई त्यांना हाकलायच्या नाहीत, फक्त चपला बाहेर काढायला लावायच्या.

चित्रकलेच्या तासाला त्यांचं एकाच चित्राशी वैर होतं. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, कडेला झोपडी आणि नारळाचं झाड. पाचवीत आलेलं प्रत्येक पोर हे चित्र काढतं. बाई वही हातात घेऊन अगदी गंभीरपणे विचारायच्या, "हा डोंगर कुठला रे? मांडवगणचा का? मला दाव बरं कुठून दिसतो." पोरगं गोंधळायचं. आमचा सगळा भाग सपाट, उसाचा. "आन् नारळ? तुमच्या दारात हाय?" दारात बाभूळ होती. "मग बाभळीनं काय घोडं मारलं?"

एका पोरीनं मग उसाचं चित्र काढलं. म्हणजे सगळा कागद हिरवा. वर बोटभर निळं, बाकी ऊसच ऊस. मी म्हटलं, बाई, हे काय चित्र झालं? बाईंनी चित्र लांब धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही कधी उसात शिरलाय का? आत गेल्यावर अस्संच दिसतं." पोरीला सगळ्यात जास्त मार्क मिळाले. तिनं ते चित्र घरी नेऊन टीव्हीच्या वर लावलं. तिच्या वडिलांना सहा महिने सगळे विचारत होते की भिंतीला हिरवा पट्टा का मारलाय.

पोर पटांगणात पडलं की बाकीच्या शिक्षिका धावायच्या. बाई जागच्या हलत नसत. "पडू दे की. जमीन काय कुणाची दुश्मन हाय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सायकल शिकणाऱ्या पोरी, स्टेजवर भाषण विसरणारी पोरं, सगळ्यांना हेच. पण हे धोरण दुसऱ्यांच्या लेकरांसाठी होतं.

त्यांची स्वतःची लेक, नाझिया, आमच्याच शाळेत होती. नाझियाचे वडील रेल्वेत फिटर होते. ती लहान असतानाच ते गेले. तेव्हापासून बाई आणि नाझिया, एवढंच घर. नाझिया नववीत जाईपर्यंत तिचं दप्तर बाईंच्या खांद्यावर असायचं. दौंडच्या स्टँडवर एष्टीत चढताना बाई आधी लेकीला चढवायच्या, मग तिची बाटली, मग तिचा डबा, मग स्वतः. पावसाचा ढगही नसताना नाझियाकडं छत्री असायची. मधल्या सुट्टीत ती मैत्रिणींबरोबर चिंचा पाडायला गेली की बाई चित्रकलेच्या वर्गाच्या खिडकीत उभ्या. मी एकदा म्हटलं, "बाई, जमीन कुणाची दुश्मन हाय का?" त्या म्हणाल्या, "जमीन न्हाई, पण ते झाड लई उंच हाय."

वैष्णवीच्या आबांची गोष्ट अजून आमच्या वाडीवर सांगतात. वैष्णवी दहावीत चांगल्या मार्कांनी पास झाली. तिला अकरावीला शिरूरला होस्टेलवर राहून शिकायचं होतं. घरात शब्द आजोबांचा चालायचा. त्यांना सगळे आबा म्हणत. बागायती माणूस, सोसायटीत वजन. त्यांनी सांगून टाकलं, पोरगी बाहेर राहणार नाही. बाई त्यांच्या घरी गेल्या. चहा प्यायल्या. शिक्षणाबद्दल चकार शब्द काढला नाही. एवढंच म्हणाल्या की शनिवारी शाळेत पिक्चर हाय, आबा, तुम्ही या, पोरांना बरं वाटंल.

आबा आले. त्यांना खुर्ची दिली. ते पूर्ण वेळ काठीवर हनुवटी टेकवून भिंतीकडं बघत बसले. वाऱ्यानं धुणी उडवली तेव्हा सगळी पोरं हसली, आबा हसले नाहीत. पिक्चर संपला, पडदे काढले, उजेड आला. बाई आशेनं त्यांच्याजवळ गेल्या. आबा म्हणाले, "वाऱ्याचं बरोबर हाय की."

बाईंचा चेहरा मला आठवतो. एवढी मेहनत करून माणूस नेमका उलट्या बाजूला जाऊन बसला होता. "असं कसं, आबा?"

"असं कसं म्हंजी? लहानाची मोठी केली तिनं. आन् पोरगी चालली मडकी वळायला. वाऱ्यानं काय करायचं एकटीनं टेकडीवर?"

आबा उठले, दारापर्यंत गेले, काठी टेकून वळले. "पर ती शेवटाला वर आली ना, ती भेटून जाती, का राहती?"

पिक्चरमध्ये ते दाखवलेलं नव्हतं. मुलगी टेकडीवर पोचते आणि चित्र थांबतं. बाई म्हणाल्या, "दिवाळीला येती, उन्हाळ्यात येती. मध्ये आजारी पडली तरी येती."

आबांनी मान हलवली. म्हणाले, मग शिरूर काय लांब न्हाई. वैष्णवी शिरूरला गेली. पहिल्या महिन्यात आबा चार वेळा बाजाराच्या निमित्तानं शिरूरला जाऊन आले आणि प्रत्येक वेळी होस्टेलच्या बाहेरून तिला शेंगदाण्याचे लाडू देऊन आले, ही गोष्ट वेगळी.

मोबाइल सगळ्यांच्या हातात आल्यावर जे व्हायचं ते झालं. दहावीतल्या दोन पोरींना तो पिक्चर कुठंतरी सापडला, खाली इंग्रजीत अक्षरं असलेला. त्यांनी तो पूर्ण पाहिला आणि सोमवारी सकाळी दोघी तावातावानं स्टाफरूममध्ये आल्या. कुंभार म्हणे मडक्यांबद्दल काही बोलतच नाही, तो आपल्या मेलेल्या भावाबद्दल सांगत असतो. बाजारातली म्हातारी कांदे विकत नाही, ती औषधं विकते. एवढं ठीक. पण सगळ्यात मोठी तक्रार पुढं होती.

"बाई, वारा बोलतच न्हाई. आख्ख्या पिक्चरमध्ये एक शब्दसुद्धा न्हाई. आई-बी न्हाई ती. नुसता वारा हाय."

स्टाफरूममध्ये आम्ही सगळे बाईंकडं बघायला लागलो. बाईंनी डब्यातली भाकरी मोडली, ठेच्याला लावली आणि शांतपणे म्हणाल्या, "गप बसून कुणी पोर वाढवतं का? ते पिक्चर काढणाऱ्यांना ठाव नसंल."

पोरी गेल्यावर मात्र त्यांनी डबा झाकला. मग मला म्हणाल्या, "एक शब्द न्हाई म्हणत्यात. बघायला पायजे एकदा तसं." पण त्यांनी तसं काही पाहिलं नाही. पुढच्या शनिवारी वारा पहिल्यापेक्षा जास्त बोलला.

नाझिया शिकत गेली. डिप्लोमा केला आणि रेल्वेची परीक्षा पास झाली. असिस्टंट लोको पायलट. इंजिनात ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं, सिग्नल बघून तो मोठ्यानं सांगायचा. दौंडात रेल्वेचं कौतुक कुणाला नाही, गावाचा श्वासच गाड्यांवर चालतो. पण पोरगी इंजिनात, ही बातमी वेगळी होती. बाईंनी सगळ्या स्टाफला पेढे वाटले. माझ्या हातावर पेढा ठेवताना हळूच म्हणाल्या, "तिकीट खिडकीवर बसायची नोकरी नसंल का निघाली?"

ट्रेनिंग झालं आणि तिला नेमणूक मिळाली वाडी जंक्शनला. थेट कर्नाटकात. आणि बाईंचे गुडघे दुखायला लागले. ते आधीही दुखत होते, पण आता ते नाझियासमोरच दुखू लागले. मग चक्कर यायला लागली. मग रात्रीची झोप उडाली. डॉक्टर म्हणाले, काही नाही. बाई म्हणाल्या, डॉक्टरला काय कळतंय.

नाझिया एक दिवस मला भेटायला आली. शाळेबाहेरच्या कट्ट्यावर आम्ही बसलो. ती म्हणाली, "मॅडम, अम्मी न्हाई म्हणत न्हाई. व्हय पण म्हणत न्हाई. नुसतं दुखतंय म्हणती. मी सोडून देऊ का नोकरी?"

बाईंशी कुणीतरी बोलायला हवं होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरी जाऊन चहा पिऊन आलेली बाई ती. तिच्या घरी कुणी जायचं?

त्याच आठवड्यात शनिवारचा पिक्चर होता. नाझिया मदतीला आली होती. लॅपटॉप लावायचं काम शाळेत असल्यापासून तिचंच. वर्ग भरला, पडदे ओढले. बाई भिंतीच्या कडेला उभ्या राहिल्या. पिक्चर सुरू झाला, पोरं सावरून बसली. मुलीला मातीतली पावलं दिसली. बाई मुलीच्या आवाजात म्हणाल्या, "मला चालायचंय. मला खाली सोड."

आता वाऱ्याची पाळी. पोरं आधीच हसायच्या तयारीत. बाईंनी पदर सावरला, तोंड उघडलं आणि काही बोलल्याच नाहीत.

भिंतीवर टेकडीचं गवत वाकलं आणि सरळ झालं. मुलीचे केस उडाले आणि खांद्यावर येऊन पडले. मग तिचा पाय गवताला लागला. प्रोजेक्टरचा पंखा तेवढा ऐकू येत होता. बाईंना काहीतरी झालं असं वाटून मी उठणार होते, पण तेवढ्यात कुंभार आला आणि बाईंनी कुंभाराचं बोलणं व्यवस्थित म्हटलं. म्हातारीचंही म्हटलं. गिऱ्हाइकांचं, कुत्र्याचं, सगळ्यांचं. फक्त वारा शेवटपर्यंत बोलला नाही. आणि गंमत म्हणजे एकाही पोरानं विचारलं नाही की वारा गप्प का. धुणी उडाली तेव्हा ती हसली, मुलगी खोलीत एकटी झोपली आणि खिडकी आपोआप हळूच बंद झाली तेव्हा पुढच्या ओळीतली एक चिमुरडी उसासा टाकून म्हणाली, "आली वाटतं."

नाझियानं पूर्ण वेळ लॅपटॉपवरून मान वर केली नाही.

पोरं गेली. बाई स्टुलावर चढून पोती काढायला लागल्या. नाझिया खालून धरत होती. बाई तिच्याकडं न बघता म्हणाल्या, "कवा हजर व्हायचंय?"

"सोमवारी."

"मग आज बॅग भरायला घे. चादरी दोन घे. तिकडची माणसं कशी असत्यात ठाव न्हाई, चादर आपली असावी."

नाझियानं पोतं तसंच हातात धरलं. मी वर्गाबाहेर निघून आले. पुढं कधीतरी मी बाईंना त्याबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "तोंड उघडलं असतं तर 'नको जाऊ'च आलं असतं, मॅडम. एवढ्या पोरांसमोर."

त्या सुधारल्या असं मात्र कुणी समजू नये. पंधरवडा कसाबसा गेला आणि एका रविवारी बाई डबा घेऊन, कुणाला न सांगता, वाडी जंक्शनला पोचल्या. स्टेशनवर उतरल्या तर समोर चहाच्या गाड्यावर नाझिया, युनिफॉर्ममध्ये, बरोबरच्या तिघाचौघांसोबत भजी खात उभी. कुणीतरी काहीतरी बोललं आणि नाझिया खळखळून हसली. बाई खांबामागं उभ्या राहून बघत राहिल्या. लेक घरी कधी एवढ्या मोठ्यानं हसत नसे, म्हणाल्या. मग परतीच्या गाडीचा पुकारा झाला आणि त्या तिला न भेटताच गाडीत बसल्या. डब्यातली बिर्याणी गाडीतल्या माणसांना वाटून टाकली. हे त्यांनी मला सोमवारी मोठ्या समाधानानं सांगितलं. "बघितली तिला. बरी हाय. जाडी झालीय थोडी." नाझियाला ही गोष्ट दोन वर्षांनी कळली, तीही माझ्याकडून. ती आधी चिडली आणि मग तिनं विचारलं, "बिर्याणी कुणी खाल्ली?"

बाई रिटायर झाल्या. शाल, नारळ, फोटो झाले. भाषणात त्या इतकंच म्हणाल्या की तुमची पोरं आता परत डोंगर काढायला लागू नयेत म्हणून लक्ष ठेवा. पुढच्याच महिन्यात मला नाझियाचा फोन आला. तोवर तिची सोलापूरला बदली झाली होती. आवाज काळजीचा. "मॅडम, अम्मी कन्याकुमारीला चाललीय. एकटी. समुद्र बघायचा म्हणती. मी म्हटलं, रजा टाकते, मी येते. तर म्हणली, तू कशाला? मी म्हटलं, सोलापूरला गाडीत डबा आणून देते. तर म्हणली, सोलापूर येईल तवा मी दुपारची झोपलेली असन. तिला सांगा तुम्ही काहीतरी. तिचे गुडघे दुखतात." मी म्हटलं, गुडघ्यांचं तू डॉक्टरला विचार. ती हसली, पण मनापासून नाही.

त्या प्रवासानंतर बाई दौंडात फारशा सापडतच नाहीत. मी जाते तेव्हा दाराला कुलूप असतं आणि शेजारीण सांगते, बाई अजमेरला गेल्यात, किंवा बाई कुठंतरी तिकडं पार बर्फात गेल्यात. फोनवर भेट होते, समोरासमोर झालेली नाही. त्यामुळं माझ्या डोळ्यांपुढं त्या उभ्या राहतात ते कन्याकुमारीला निघाल्या त्या सकाळच्या, दौंडच्या फलाटावरच्या.

नाझियानं गळ घातली म्हणून मी त्यांना सोडायला गेले होते. बाईंना ते आवडलं नव्हतं. "तिनंच पाठवलं असंल तुम्हाला," एवढं म्हणून त्यांनी बॅग स्वतःच्या हातात ठेवली. गाडी आली, गर्दीतून वाट काढत त्या चढल्या, खिडकीशी आल्या आणि मला म्हणाल्या, "जावा आता, मॅडम. शाळा भरंल." मी म्हटलं, गाडी सुटू द्या. समोरच्या बाकावर कुणी मोठं कुटुंब होतं, त्यांच्या हातात डबे, पिशव्या, लेकरं. बाईंनी त्यांना कुठं निघालात म्हणून विचारलं आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली.

गाडी हलली. मी हात वर केला. बाई पाठमोऱ्या झाल्या होत्या, समोरच्या बाईच्या कडेवरचं लेकरू त्यांनी मांडीवर घेतलं होतं आणि मान हलवून हलवून काहीतरी ऐकत होत्या. त्यांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही. शेजारच्या खिडकीतल्या एका अनोळखी आजोबांनी मात्र माझ्याकडं पाहिलं, माझा हात आपल्यालाच आहे असं समजून चहाचा कप सांभाळत हात बाहेर काढला, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत मला मनापासून निरोप देत राहिले.